हिरव्या पट्ट्यातला काटा

"तुम्हीच बघा," कोठावळे मास्तर म्हणाले. "मी बोललो तर म्हणाल, मास्तर उगाच दोष देतात."

त्यांनी खुर्ची मागे सरकवून मला टेबलापाशी जागा करून दिली. टेबलावर त्यांनी मुंबईहून आणलेली नवी पेटी होती. जाड पत्र्याची, राखाडी, वर ओळीने गोल भोकं आणि मधोमध घड्याळासारखी तबकडी. तबकडीवर तीन पट्टे, लाल, पिवळा आणि हिरवा. व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र होतं ते. आमच्या रसमंजिरी ऑर्केस्ट्रात सगळे त्याला टेस्टर म्हणत.

विलास आमचा साउंडवाला. त्याने अँप्लिफायरचं मागचं झाकण काढून ठेवलं होतं. त्या काळी अँप्लिफायर व्हॉल्व्हवर चालायचे. बोटाएवढ्या काचेच्या नळ्या, आतली तार तापून लाल झाली की आवाज यायला लागायचा. विलास एकेक व्हॉल्व्ह उपटून देत होता आणि मास्तर तो टेस्टरच्या भोकात बसवून बटण दाबत होते. काटा थरथरायचा, उठायचा आणि हिरव्यात जाऊन उभा राहायचा.

"आणि हा तुमच्या माइकचा," मास्तर म्हणाले.

मी वाकून बघितलं. काटा उठला तो बाकीच्यांपेक्षाही पुढे गेला.

"कुठल्या पट्ट्यात आहे?"

"हिरव्या."

"मग आता सांगा एस्तेरबाई, करकर कुठून येते?"

माझा नवरा सायमन खोलीच्या कोपऱ्यात ड्रमवर बसला होता. त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागला. नगरच्या कापड बाजारात एका दुकानावरची ती खोली, खालून गाठोडी फेकल्याचे आवाज येत होते. नवी आलेली मृणाल दाराशी उभी होती. तिला माझ्याबद्दल वाईट वाटत होतं आणि ते लपवायचं कसं हे तिला कळत नव्हतं.

ती करकर दसऱ्याच्या आसपास सुरू झाली होती. खालच्या सुरात काही नसायचं. कार्यक्रम रंगात आला, मी वर चढले, की लाउडस्पीकरमधून आवाजाबरोबर एक घासल्यासारखा, पत्रा ओरबाडल्यासारखा आवाज यायचा. श्रीगोंद्याला पहिल्यांदा झालं तेव्हा लोकांनी माइकला शिव्या दिल्या. पुढच्या गावी माइक बदलला, तरी तेच. वायर बदलली, तरी तेच. मग मास्तरांनी त्याच माइकवर मृणालला उभं केलं. ती माझंच गाणं त्याच पट्टीत गायली आणि आवाज धुतल्या तांदळासारखा स्वच्छ आला.

त्यानंतर मी कशाच्या जोरावर भांडणार होते? माइक तोच, वायर तीच, व्हॉल्व्ह हिरव्यात. उरले मी.

"पण माइकशिवाय गाते तेव्हा तर काही होत नाही," मी एवढंच म्हणाले.

"कानाला जे कळत नाही ते माइक पकडतो," मास्तर म्हणाले. आवाजात माया होती. "गळ्याला बारीक चीर पडली असेल. आत्ता जपलात तर भरून येईल. नाहीतर मग कायमचं. मी असे गळे गेलेले बघितलेत."

त्या दिवशी घरी जाताना सायकलवर मागे बसून मी रडले. सायमन पॅडल मारत राहिला. अर्ध्या वाटेत म्हणाला, "होईल बरं. मी आहे ना."

सायमन आणि मी चर्चच्या कॉयरमध्ये एकत्र वाढलो. मी गायची आणि तो बाकावर बोटांनी ठेका धरायचा, म्हणून फादरांचा मार खायचा. लग्नाआधीपासून आम्ही रसमंजिरीत होतो. ऑर्केस्ट्रा कोठावळे मास्तरांचा. ते अकॉर्डियन वाजवायचे, निवेदन करायचे, गाडीवर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव होतं. वाजवायचे चांगलं. माणूस गोडबोल्या, अंगात पांढरा कोट, खिशात अत्तराचा फाया. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी न मागता गाडी पाठवली होती. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं मला काही कारणच नव्हतं.

मिशनच्या दवाखान्यात जाऊन गळा दाखवला. डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून बघितलं, दिवा मारून बघितलं, म्हणाल्या, काही नाही, गा खुशाल. मी आनंदाने मास्तरांना सांगायला गेले. ते हसले. "त्यांना टॉन्सिल कळतात हो. गाणं कळत नाही. यंत्रावर हिरवा आलाय, तिथे आता वाद कसला?"

मग माझं मौन सुरू झालं. मास्तरांनीच सांगितलं होतं, कार्यक्रमाचे दिवस सोडून बोलायचंच नाही. सायमनने शाळेच्या पोराची असते तशी पाटी आणून दिली. घरात मी पाटीवर लिहायची आणि तो वाचून उत्तर द्यायचा. 'मीठ संपलंय.' 'वरच्या बाईंनी बोलावलंय.' 'झोप येत नाही.' सकाळी उठून तो स्वतः तुरटीचं पाणी गरम करायचा, पेला माझ्या हातात द्यायचा, आणि मी मोरीत वाकून गुळण्या करत असताना मागे उभा राहायचा. तोंडात ती तुरट, कडवट चव दिवसभर राहायची. चहा गेला, लोणचं गेलं, दही गेलं. शेजारणी सायमनचं कौतुक करायच्या. असा नवरा बघितला नाही म्हणायच्या.

नाताळला मी चर्चमध्ये गायले नाही. लहानपणापासून पहिल्यांदाच. सगळी मंडळी उभी राहून गात होती आणि मी तोंड मिटून उभी होते. शेजारी सायमन. त्याने माझा हात धरला होता. मला वाटलं, देवाने आवाज काढून घेतला तरी माणूस चांगलं दिलं.

कार्यक्रमांत माझी गाणी कमी होत गेली. आधी निम्मी, मग दोन. ती दोनही मी घाबरत गायची. वरचा सूर जवळ आला की तिथे नेमकी करकर व्हायचीच. लोक आता शिट्ट्या मारायला लागले होते. मृणालचं नाव पोस्टरवर आलं. मुलगी गोड होती, मेहनती होती, मला एस्तेरताई म्हणायची आणि माझ्या पाण्याचा तांब्या धरून उभी राहायची.

फाल्गुनात एका साखर कारखान्याच्या कामगारांचं स्नेहसंमेलन होतं. कार्यक्रम दुपारचा. संध्याकाळची पाळी सुरू व्हायच्या आत संपवायचा होता. मोठ्या गोदामात फळ्यांचं स्टेज बांधलेलं, बायकापोरं सतरंज्यांवर बसलेली, मळीचा आंबूस वास सगळीकडे. माझं पहिलंच गाणं होतं. दुसऱ्या कडव्यात वर गेले आणि ओरबाडलंच. पुढे बसलेल्या एका पोराने कानावर हात ठेवले. त्याची आई त्याला दटावून स्वतःच हसली.

मी गाणं संपवून मागे पडद्याआड आले आणि एका रिकाम्या पोत्यावर बसले. समोर टेबलावर अँप्लिफायर होता, त्याच्याशी विलास. स्टेजवर मिमिक्रीवाला दुसऱ्या माइकवर कुत्र्या-मांजराचं भांडण करत होता. त्याच्यानंतर मृणाल होती. विलासला मी दिसले नव्हते, त्याच्या आणि माझ्यामध्ये गुंडाळलेल्या कनातींचा ढीग होता.

अँप्लिफायरला माइक जोडायची तीन भोकं होती, प्रत्येकाचा व्हॉल्व्ह वेगळा. त्याने आमच्या गाण्याच्या माइकची पिन पहिल्या भोकातून काढली आणि तिसऱ्या भोकात घातली.

इतकंच. त्यात लक्ष जावं असं काही नव्हतं. पण करताना त्याने मान वळवून स्टेजकडे बघितलं. दुसऱ्याच्या झाडाचा पेरू तोडणारा माणूस बघतो, तसं.

मृणालचं गाणं सुरू झालं. स्वच्छ. मी उठून त्याच्याजवळ गेले.

"विलास, पिन का हलवलीस?"

तो इतका दचकला की हातातला पेचकस खाली पडला. "कुठली पिन, ताई?"

"पहिल्यातली तिसऱ्यात."

"ती... तिथे सैल बसते."

"मग मी गात होते तेव्हा का नाही हलवलीस?"

त्याने पेचकस उचलला. कपाळावर घाम. मी पुढे वाकले, पिन धरली, तिसऱ्यातून काढली आणि पहिल्यात खुपसली. लाउडस्पीकरमधून एक ठोका ऐकू आला आणि मृणालचा आवाज पुन्हा सुरू झाला. विलास "ताई, ताई" करत माझा हात धरायला आला, पण मी जागची हलले नाही.

ती वर चढली, आणि ओरबाडलं. तोच आवाज. माझ्या गळ्यातला म्हणून मी इतके दिवस सांभाळलेला.

लोकांनी शिटी मारली. पडद्याच्या फटीतून मला ती दिसत होती. तिचा चेहरा पांढरा पडला आणि डावा हात आपोआप गळ्याकडे गेला. त्या पोरीने दोन बोटांनी स्वतःचा गळा चाचपला.

मी पिन पुन्हा तिसऱ्यात घातली. तिचं काय चुकलं होतं?

गाणं संपताच मास्तर मागे आले. अकॉर्डियन गळ्यातच होतं. माझ्याकडे, विलासकडे, पिनकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. मला वाटलं होतं ओरडतील, नाहीतर थापा मारतील. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि पट्टे सैल करून अकॉर्डियन खाली ठेवलं.

"व्हॉल्व्ह खराब आहे," मी म्हणाले.

"पहिल्याचा. हो."

"टेस्टरवर हिरवा आला होता."

"येणारच." ते समजावून सांगायला लागले, शिकवणीला आलेल्या मुलाला सांगावं तसे. "टेस्टर काय बघतो? तार तापते का आणि वीज वाहते का, एवढंच. व्हॉल्व्ह जिवंत आहे इतकं सांगतो. तासभर तापल्यावर, खाली ड्रमच्या दणक्याने फळ्या हादरत असताना, वरच्या सुराला तो कसा झणझणतो, ते त्याला कुठून कळणार? टेबलावर कोण गात असतं? आवाजाच्या व्हॉल्व्हला ते यंत्र कामाचं नाही, फार तर मेलेला वेगळा काढायला."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"वीस वर्षं काय केलं मी?" त्यांना माझ्या प्रश्नाचा अपमान वाटला होता. खरंच वाटला होता.

"मग का?"

त्यांनी आवाज खाली आणला. "एस्तेरबाई, गाडीवर नाव माझं. कर्ज काढून वाद्यं घेतली मी. आणि तारीख ठरवायला आलेला प्रत्येक माणूस पहिलं विचारतो, एस्तेर भिंगारदिवे येणार ना? गणपतीत त्या पाथर्डीच्या माणसाने तर मला विचारलं, तुम्ही कोण म्हणून. काढून टाकलं असतं तर गावभर माझी छी थू. तुम्ही आपण होऊन बसलात तर कुणाला बोलायला जागा नाही." मग घाईघाईने म्हणाले, "आणि तो व्हॉल्व्ह मी बिघडवलेला नाही. येशूची शप्पथ घ्यायला सांगा. आपोआप बिघडला. मी फक्त बदलला नाही."

त्यांनी माझ्या देवाची शपथ घेतली, याची मला किळस आली. अत्तराचा तो वास, मळीचा वास आणि तोंडातली तुरटी असं सगळं एकदम घशाशी आलं. मी तोंडावर पदर धरला.

"सायमनला कळलं तर तो तुमचे हातपाय मोडेल," मी म्हणाले.

मास्तरांनी विलासकडे बघितलं आणि विलासने खाली बघितलं.

"सायमनलाच विचारा," मास्तर म्हणाले. ते अकॉर्डियन उचलून पुन्हा स्टेजवर गेले. पुढच्या गाण्याचं निवेदन मी पडद्यामागून ऐकलं. आवाज नेहमीसारखाच गोड होता.

कार्यक्रम संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. ड्रमचा ठोका एकदाही चुकला नाही. सगळं संपल्यावर सायमन घामाने निथळत मागे आला, टॉवेलने डोकं पुसत. विलासने त्याला हळूच काहीतरी सांगितलं. त्याने टॉवेल खाली घेतला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"आपण घरी जाऊन बोलू."

"कधीपासून?"

"एस्तेर, लोक आहेत."

"कधीपासून, सायमन?"

त्याने टॉवेलची घडी घातली. "नाताळच्या आधी," शेवटी म्हणाला. "मी मागे पाणी प्यायला आलो होतो, तेव्हा विलास पिन बदलत होता."

नाताळच्या आधी. म्हणजे चर्चमध्ये हात धरून उभा होता तेव्हा त्याला माहीत होतं. गुळण्यांचं पाणी तापवताना माहीत होतं. पाटीवर मी लिहिलं होतं, 'माझा आवाज गेला तर तू मला टाकशील का?' ते वाचून त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि पाटी पुसून परत दिली होती. तेव्हाही माहीत होतं.

"मास्तर मला भागीदार करणार आहेत," तो म्हणाला. "गाडीवर दोघांची नावं. तू बसलीस तर घरात पोरंबाळं होतील, मी दोघांचं बघेन. किती दिवस आपण दोघं रानोमाळ फिरायचं? मी वाईट विचार केला नाही. आपल्या घराचा केला."

"मी मुकी झाले होते, सायमन."

"तात्पुरती," तो म्हणाला.

मी माझी पिशवी घेतली. कारखान्याची एक जीप राहुरीकडे, माझ्या माहेराकडे जात होती, ड्रायव्हरच्या बायकोने आपल्या पोराला मांडीवर घेऊन मला पुढे बसवून घेतलं. मृणाल जीपपर्यंत धावत आली. काय झालं ते तिला कळलेलं नव्हतं. तिने माझा तांब्या आणून दिला. मी तिला म्हणाले, "तुझा गळा चांगला आहे. कुणी काहीही सांगितलं तरी आधी पिन बघ." तिला कळलं की नाही, देव जाणे. पुढे ती मास्तरांकडे दोनेक वर्षं राहिली असावी. मग लग्न करून सोलापूरकडे गेली, असं ऐकलं.

मी आईकडे राहिले. पहिले काही दिवस मला नीट बोलताच येईना. सवयीने हात पाटी शोधायचा. मग एका रविवारी चर्चमध्ये पहिल्या गीताला तोंड उघडलं, आणि आवाज आला. तिथे ना माइक होता ना मास्तर. मी शेवटपर्यंत गायले. घरी येऊन आईला म्हणाले, लोणचं काढ. त्यानंतर नाशिकच्या एका मंडळात मी पुष्कळ वर्षं गायले. पण साउंडवाल्याशेजारी दहा मिनिटं उभं राहिल्याशिवाय स्टेजवर कधी चढले नाही. लोक मला संशयी म्हणायचे. म्हणोत.

सायमन आला तो इस्टरनंतर. माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर टाकून आणली होती. आईने त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला. तिला मी अजून सगळं सांगितलेलं नव्हतं, नवराबायकोचं भांडण एवढंच तिला ठाऊक होतं. सायमन बारीक झाला होता. दाढी वाढली होती. त्याला बघून माझ्या मनात कुठेतरी हललंच. खोटं कशाला सांगू? तो पाया पडला असता, चुकलो म्हणाला असता, तर पुढे काय झालं असतं मला माहीत नाही.

त्याने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तू सगळ्यांना सांगत फिरतेस, सायमनने फसवलं."

"मी कुणालाच सांगितलेलं नाही."

"मनात तर आहेच ना तुझ्या. मग एक सांग मला." तो पुढे सरकून बसला. हे वाक्य त्याने रस्ताभर घोकलं असावं. "मी तुझ्याशी खोटं कधी बोललो? एकदा तरी? तुझा गळा बिघडलाय, असं माझ्या तोंडून निघालं का कधी? मास्तर बोलले. टेस्टरने दाखवलं. तू स्वतः वाकून बघितलंस, हिरवा म्हणालीस. मी काय म्हणालो? होईल बरं, म्हणालो. पाणी तापवून दिलं. त्यात खोटं काय होतं?"

तो खरोखर उत्तराची वाट बघत होता. डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं.

मी आठवायला लागले. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत. सायकलवरचं बोलणं, मोरीतलं, चर्चमधलं, अंथरुणातलं. एकेक वाक्य काढून बघितलं. तो म्हणत होता ते बरोबर होतं. एकही शब्द खोटा नव्हता.

आत आईने पोळपाट मांडल्याचा आवाज आला. "जावईबापू, जेवूनच जाणार ना?" तिने विचारलं.

"नाही आई," मी मोठ्याने म्हणाले. "तो निघालाय."